प्रश्नाचा मान

देवळात पालखीचा पहिला खांदा कुणाचा, अब्दागीर कुणी धरायची, हे जसं ठरलेलं असतं, तसा पणजीतल्या गणित विभागात प्रश्नाचा मान ठरलेला असे. दर गुरुवारी दुपारी तिथे कुणीतरी आपल्या संशोधनावर बोलायचं. बोलून झालं की ज्याचा मान त्याने उठून एक प्रश्न विचारायचा. मग टाळ्या, मग चहा.

ही रीत घातली विभागप्रमुख रघुनाथ कुंकळ्येकरांनी. एकदा म्हणे मुंबईचे कुणी थोर विद्वान आले होते. ऊन जनेलाच्या काचेवरून उतरून भिंतीच्या तळाशी जाईपर्यंत ते बोलले. शेवटी प्रमुखांनी विचारलं, "कुणाला काही शंका?" तेव्हा खोलीत अशी शांतता पसरली की तुळईतली वाळवीसुद्धा खाताखाता थांबली. पाहुण्यांनी हातावरची खडूची पूड झटकली, आणि त्यांच्यासाठी खास तळून ठेवलेल्या इसवण माशाच्या तुकडीला बोटही न लावता ते गेले. गणिताचा अपमान कुंकळ्येकरांनी गिळला असता. इसवणाचा त्यांना गिळवेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रश्नाचे मान वाटून टाकले.

मानकरी सगळे हुशार. ऐकलं नाही तरी विचारता येईल असा एकेक प्रश्न प्रत्येकाने घडवून ठेवला होता. त्यात प्रशांत आमोणकरांचा सर्वांत टिकाऊ: "हे अनंत मितींमध्येही चालेल काय?" हा प्रश्न कुठल्याही व्याख्यानाला बसे, आणि मधल्या झोपेतून उठल्या उठल्या विचारता येई. एकदा तर आमोणकरांनी तो निवृत्त झालेल्या शिपायाच्या निरोपसमारंभातही विचारला होता, असं सांगतात.

गुरुदास गांवस बोलला की मान नेहमी आमोणकरांचा. गुरुदास दर वेळी फळ्याकडे पाहून म्हणे, "चालेल, बहुतेक." टाळ्या. चहा.

गुरुदास मुळगावचा. खाणीच्या धुळीने त्याचे सदरे असे तांबूस झाले होते की ते मूळचे पांढरे, असं सांगितलं तर दुकानदारही नाकबूल झाला असता. आईबाप गेले, बहीण लग्न होऊन कारापुराला. ती गणपतीत चवथीला येई, गोड पातोळ्या करून जाई. उरलेलं वर्षभर घरात हा एकटा. एकटा इतका, की सकाळी पिंजऱ्यातून शेजारचा पोपट त्याच्याकडे बघून 'कोण रे?' म्हणायचा, आणि गुरुदासला उत्तर द्यावंसं वाटायचं.

पण खरं पाहता तो एकटा नव्हता. त्याच्याकडे त्याची घराणी होती.

ही घराणी माणसांची नव्हेत. संख्यांसारख्या वस्तूंची. एका घराण्यातल्या कुठल्याही दोघांची बेरीज करा, गुणाकार करा, उत्तर त्याच घराण्यातलं यायचं. वर गुरुदासने दोन नियम घातले होते. पहिला साधा: घरातल्या कुणालाही स्वतःने गुणलं काय आणि स्वतःत मिळवलं काय, उत्तर एकच यायला हवं. दोनाचं जसं होतं. दोन दुणे चार, दोन आणि दोन चार. दुसरा नियम मात्र इतका लांब की लिहायला फळ्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडे चालत जावं लागे. अशा घराण्यांविषयी त्याने वर्षानुवर्षं प्रमेयं सिद्ध केली होती. या घरात कुणाचं कुणाशी वाकडं नसतं. हे घर फोडून दोन करता येत नाही. बाहेरचं कुणी आत येऊ शकत नाही. एकेक प्रमेय म्हणजे नक्षीकाम. परदेशातल्या एका नियतकालिकात ती छापूनही आली होती, आणि ते नियतकालिक वाचणारा मनुष्य अजून जन्माला यायचा होता.

बसमध्ये, फेरीबोटीत, जेवताना, गुरुदास घराण्यांशी बोलत असे. त्याला एवढंच हवं होतं की कुणीतरी एकदा, एकदाच, मान नसताना प्रश्न विचारावा. ऐकून विचारावा. मग तो कसलाही असो.

त्या वर्षी पणजीचा पूल पडला होता आणि माणसं बेतीहून फेरीने नदी ओलांडत होती. हिवाळ्यात भाषेचं पेटलं. गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी, या वादात भाऊ भावाच्या घरचं पाणी पिईना. विभागातही कोण कुठल्या बाजूचा हे कुणी विचारत नव्हतं, आणि सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाला दुखवायला नको म्हणून लोक चहासुद्धा इंग्रजीत मागायला लागले. गुरुदास दिचोलीकडचा, म्हणजे मराठीवाला, असं एकांनी धरलं; बोलत नाही, म्हणजे आतून कोकणीवाला, असं दुसऱ्यांनी. परिणामी आधी जे दोघे-तिघे त्याच्याशी 'बरं मरे?' एवढं तरी म्हणायचे, तेही थांबले.

आणि नेमका आंदोलकांनी रस्ते अडवलेल्या आठवड्यात त्याचा गुरुवार आला.

पहाटे तो दाराला कडी घालत होता तेव्हा शेजारची शेवंता अंगणात शेण सारवत होती. ती सावंतवाडीकडची, नवरा खाणीवर ट्रक चालवायचा. ट्रक बंद, म्हणून नवरा आत घोरत होता.

"मास्तरानू, खंय चल्ल्यात? रस्त्यार झाडा पाडून ठेवल्यानी."

"व्याख्यान आहे गो."

"ऐकतलो कोण? झाडा?"

"येतील चारजण."

शेवंताने हात कोपरापर्यंत धुतले आणि त्याच्याकडे बघितलं. "गेल्या खेपेक कोणी इचारल्यान काय?"

"आमोणकरांनी विचारलं."

"ता नेहमीचाच मां?"

"नेहमीचंच."

"मगे ह्या खेपेक तरी कोणी इचारतलो," ती म्हणाली, आणि एक उंडो पाव फडक्यात बांधून तिने त्याच्या हातात दिला. तिच्या लेखी गणित म्हणजे मुलगी दाखवण्यासारखं काहीतरी होतं. हा दर खेपेला पोहे करून बसतो आणि पाहुणे काही न विचारता जातात.

गुरुदास चालत निघाला. मुळगावापासून अस्नोड्यापर्यंत त्याने इतके आडवे पडलेले वृक्ष ओलांडले की माकडांनी त्या दिवशी त्याला आपल्यात धरलं. पुढे एका पोदेराची सायकल भेटली. पोदेर म्हणजे पाववाला, त्याला कुणी अडवत नव्हतं. दोन्ही बाजूंना सकाळी पाव लागायचा. गुरुदास पावाच्या टोपलीमागे जागा करून बसला. म्हापशाच्या अलीकडे दगडांच्या राशीवर तरणी पोरं बसली होती.

"पाव जांव दी. हो कोण?"

"मास्तर आसा. व्याख्यान द्यायला चल्लाय," पोदेर म्हणाला.

सगळी पोरं एकदम उठली. "खंयच्या बाजूचें व्याख्यान?"

"बीजगणिताचं," गुरुदास म्हणाला.

पोरांनी आपसांत कुजबुज केली. वरून बीजगणिताबद्दल काहीच हुकूम आला नव्हता. एकाने खात्री करून घेतली, "तातूंत भास येता?"

"भाषा येत नाही. नुसती अक्षरं येतात."

"कसली अक्षरां?"

गुरुदासने पहिला नियम सांगितला. दुसरा सांगायला त्याने तोंड उघडलं, एवढ्यात चौघांनी मिळून दगड बाजूला केले आणि सायकल पलीकडे ढकलली.

बेतीला फेरी मिळाली. विभागाच्या जिन्याखाली तो पोचला तेव्हा सदरा झाडाच्या चिकाने आणि पावाच्या पिठाने भरला होता. वर कुंकळ्येकर गॅलरीत येरझारा घालत होते.

"गांवसबाब, आलात? चालत? देवा रे! आणि इथे घोटाळा झालाय."

"काय झालं, सर?"

"आमोणकर फोंड्यात अडकले. प्रश्नाचा मान त्यांचा. दुसऱ्या मानकऱ्यांतही कुणी नाही. मी अध्यक्ष, मला विचारता येत नाही. तसं केलं तर उद्या सगळे म्हणतील, तुम्हीच विचारा." त्यांनी घाम पुसला. "पुढे ढकलूया. आलाच आहात तर चहा घ्या."

गुरुदास चहाकडे वळला नाही. तो फक्त उभा राहिला. पण त्याच्या उभं राहण्यात असं काही होतं की कुंकळ्येकरांनी दुसरीकडे पाहिलं.

"आत एक श्रोती आहे म्हणा," ते म्हणाले. "पार्सेकरबाई. पेडण्याची. नवी लागलीय. रस्ते बंद म्हणून मावशीकडे पणजीतच राहिलीय, म्हणून आली बिचारी. वक्ता एक, अध्यक्ष एक, श्रोता एक. गणपूर्ती झाली. बोला मग. प्रश्नाचं बघू, टाळ्या वाजवून निभावू."

शालिनी पार्सेकर पुढच्या कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसली होती. तिला येऊन महिनाही झाला नव्हता. रीतीचं तिला कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्या दिवसांत कुणी कुणाला काहीच सांगत नव्हतं.

गुरुदास बोलू लागला. पहिला नियम लिहिला. दुसरा लिहीत फळ्याच्या टोकापर्यंत चालत गेला. मग एकेक प्रमेय. अध्यक्ष तिसऱ्या प्रमेयाला डुलकीत गेले. पाचवं प्रमेय त्याचं लाडकं: या घरातल्या कुणाचीही तिप्पट केली की शून्य उरतं. दुसऱ्या नियमाच्या लांबलचक जंगलातून ही पायवाट शोधायला त्याला एक अख्खा पावसाळा लागला होता. तो वळून बघायचा तेव्हा शालिनी लिहीत असायची. मध्येच तिने लिहिणं थांबवलं. तिच्या कपाळावर एक आठी आली, आणि ती शेवटपर्यंत गेली नाही. आता हिचं डोकं दुखायला लागलं, असं गुरुदासला वाटलं, आणि त्याने शेवटची दोन प्रमेयं घाईघाईने उरकली.

खडू ठेवल्याचा आवाज झाला आणि अध्यक्ष जागे झाले. "फार सुंदर. कुणाला काही शंका?" असं इंग्रजीत म्हणून त्यांनी टाळी वाजवायला हात वर केले.

"सर, एक तरी घराणं दाखवा मरे."

ते वाक्य कोकणी होतं की मराठी, हे ठरवायला दोन्ही बाजूंची समिती बसवावी लागली असती, आणि समितीत डोकी फुटली असती. अध्यक्षांचे हात टाळीच्या वाटेवर तसेच राहिले.

गुरुदासने आधी मागे वळून पाहिलं, आमोणकर आले की काय म्हणून. मग त्याच्या लक्षात आलं. त्याने टेबल धरलं.

"दाखवतो," तो म्हणाला. "आता... शून्य. नुसतं शून्य. त्याला दोन्ही नियम लागू पडतात."

"ते झालंच, सर. शून्याला सगळंच लागू पडतं. दुसरं एखादं?"

"दुसरं." त्याने खडू उचलला. एक लिहिलं, ते पहिल्या नियमात बसेना. दुसरं पहिल्यात बसलं, पाचव्या प्रमेयात बसेना. तिसरं लिहिताना खडू मोडला. इतक्या वर्षांत त्याने घराण्यांच्या भिंती, दारं, उंबरे, सगळं चाचपून पाहिलं होतं. आत कोण राहतं हे बघायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच्या धंद्यात ते चालतं. नियम घालावेत, त्यातून काय निघतं ते काढावं.

शालिनी उठून फळ्याशी आली. "मी एक करून बघू? चुकलं तर सांगा." तिने एक क्ष लिहिला. "हा घरातला कोणीतरी. ह्याची दुप्पटही घरातलीच ना? मग पहिला नियम दुप्पटीलाही लावायचा."

"लावायचा," गुरुदास म्हणाला.

"दुप्पटीला दुप्पटीने गुणलं तर क्ष गुणिले क्षची चौपट. क्ष गुणिले क्ष म्हणजे क्षची दुप्पट, तर एकूण आठपट. दुप्पटीत दुप्पट मिळवली तर चौपट. दोन्ही सारखी पाहिजेत. म्हणजे चौपट शून्य." ती थांबली. पुढचं तिला दिसत होतं आणि म्हणवत नव्हतं.

गुरुदासने तिच्या हातातून खडू घेतला. "तिप्पट शून्य, हे माझं पाचवं प्रमेय," तो म्हणाला. "चारातून तीन गेले. राहिला एक." त्याने लिहिलं: क्ष म्हणजे शून्य.

खाली रस्त्यावर घोषणा देत एक घोळका गेला. कुठल्या बाजूचा, ते कळलं नाही.

एवढ्या थाटाच्या त्या घराण्यांत शून्याखेरीज कुणी राहतच नव्हतं. कुणाचं कुणाशी वाकडं नसणार, घर फुटणार नाही, बाहेरचं कुणी येणार नाही. सगळी प्रमेयं खरी होती. अगदी शंभर टक्के खरी.

अध्यक्षांना आता बोलणं भाग होतं. "पार्सेकरबाई," ते म्हणाले, "इथे काही एक पद्धत आहे. मान नसताना असं एकदम..."

"सर, मला माहीत नव्हतं," शालिनीचा चेहरा उतरला. "गांवस सर, मी विचारायला नको होतं काय?"

आणि गुरुदास गांवस, ज्याने उभ्या जन्मात बसच्या कंडक्टरालाही उलट उत्तर दिलं नव्हतं, तो वळला आणि प्रमुखांवर असा ओरडला की जनेलाचं तावदान हललं. "तिला विचारू दे! मी मुळगावाहून चालत आलोय!"

प्रमुख चहाचं बघायला बाहेर गेले.

दोघंही फळ्याकडे वळली. मग शालिनी हळूच म्हणाली, "प्रमेय पाच फार सुंदर आहे, सर. इतक्या लांब नियमातून तीन बाहेर काढलात."

"काढलं," तो म्हणाला. "काढायला नको होतं." पण त्याला हसू आलं. तिलाही आलं. मग तिला मावशीकडे जायचं होतं. घोळके फिरत होते, उशीर बरा नव्हता. ती गेली, आणि जिन्यावरचा तिचा पायरव थांबेपर्यंत तो ऐकत राहिला.

फेरीत तो कठड्याशी उभा राहिला. नेहमीप्रमाणे त्याने मनात घराण्यांना हाक मारली. कुणी ओ दिली नाही. पूल पडल्यापासून रोज याच पाण्यावर ती त्याच्याबरोबर असायची. पाचवं प्रमेय तर इथेच, याच कठड्याला टेकून सुचलं होतं. आता नदी होती, इंजिनाची घरघर होती, आणि कोळणींच्या रिकाम्या पाट्या होत्या. मुळगावच्या घरी जाऊन तो जेवताना बोलणार कुणाशी, हा विचार त्याला आला. एक प्रश्न हवा होता, तो मिळाला. मिळालेला प्रश्न सगळं घेऊन गेला होता. तरी त्या प्रश्नाचा राग येईना. तो पुन्हा पुन्हा तेच शब्द आठवत होता: एक तरी दाखवा मरे.

बेतीचा धक्का जवळ आला. माणसं उतरू लागली. गुरुदासला आमोणकरांपासून शेवंतेपर्यंत सगळ्यांचे चेहरे दिसले, आणि त्यांच्यामागे फळ्यावरचा तो तीन. मग त्याला वाटलं, तीनच का? दुसऱ्या नियमाचा हट्ट आपलाच. तो सैल केला आणि तीनऐवजी चार ठेवला, तर? चौपट शून्य हे तर तिने नुसत्या पहिल्या नियमातूनच काढलं होतं. त्याच्याशी भांडायची गरजच काय?

त्याने बोटं उघडली. घड्याळात बारानंतर पुन्हा एक येतो, तसं आठ झाले की पुन्हा शून्य धरायचं. अशा घड्याळावरचे चारजण घेतले: शून्य, दोन, चार, सहा. दोन दुणे चार, दोन आणि दोन चार. चार चोक सोळा, म्हणजे दोन फेरे, उरलं शून्य. चार आणि चार आठ, तेही शून्य. सहा सक छत्तीस, चार फेरे गेले, उरले चार. सहा आणि सहा बारा, एक फेरा गेला, उरले चार.

चारजण. शून्याबरोबर आणखी तिघे.

"मास्तर, उतरा," फेरीवाला म्हणाला.

"परत पणजीला," गुरुदास म्हणाला.

"आत्ताच आलात ना?"

"आहे! एक आहे!"

"काय आहे?"

गुरुदासने सांगायला सुरुवात केली. फेरीवाल्याने सहा सक छत्तीसपर्यंत ऐकलं आणि त्याचं तिकीट घेतलं नाही. वेड्यांकडून तो पैसे घेत नसे.

पण पणजीत विभागाला कुलूप होतं. मावशीचं घर कुठे ते त्याला माहीत नव्हतं. विचारायचं त्याला सुचलंच नव्हतं. कुंकळ्येकर घरी जाऊन दार लावून बसले होते. सगळ्या पणजीत त्या वेळी एकटाच माणूस असा होता की ज्याच्याजवळ एक घराणं होतं आणि दाखवायला कुणी नव्हतं. खिशात खडूचा मोडका तुकडा सापडला. विभागाच्या हिरव्या दारावर त्याने ठळक अक्षरांत लिहिलं: 'पार्सेकरबाई, आहे. दुसऱ्या नियमात तीनऐवजी चार. आठाच्या घड्याळावर ०, २, ४, ६.' मागे सरून वाचलं, आणि उन्हं कलायच्या आत शेवटची फेरी गाठायला तो धावला.

घरी कसा पोचला त्याबद्दल एकवाक्यता नाही. कुणी म्हणतात पोदेराच्या सायकलवर, कुणी म्हणतात आडव्या झाडांनी त्याला वाट दिली. शेवंताने अंगणातूनच विचारलं, "इचारल्यान काय कोणी?"

"विचारलं."

"काय?"

"घरात कोण कोण आसत म्हणून."

"मगे? काय सांगलात?"

"शून्य म्हटलं. मागाहून आठवलं, चार."

शेवंताने त्या दिवशी जास्तीची पेज पाठवली.

पुढचे दिवस रस्ते बंदच राहिले. गुरुदास घरात बसून चौघांशी बोलत होता. पण आता बोलणं पूर्वीसारखं होईना. दर वाक्याला त्याला कपाळावरची ती आठी दिसायची, आणि तो थांबून स्वतःलाच विचारायचा, हे कशावरून? घर पूर्वीपेक्षा मोठं वाटू लागलं होतं आणि शांतता जास्त.

बसेस सुरू झाल्या त्या सकाळी तो पहिल्या गाडीने गेला. जिना चढला तेव्हा कुंकळ्येकर ओलं फडकं हातात घेऊन दारापुढे उभे होते.

"गांवसबाब, विद्यापीठाची मालमत्ता आहे ही. नवा रंग आहे. कुलगुरू येणार आहेत."

गुरुदासने दाराकडे पाहिलं. त्याच्या अक्षरांखाली बारीक, तिरक्या अक्षरांत कुणीतरी लिहिलं होतं: 'तपासलं. बरोबर. पण सर, पाचजणांचं घराणं का होत नाही?'

त्याने ती ओळ दोनदा वाचली. कुंकळ्येकरांनी फडकं उचललं, तेव्हा त्याने त्यांचं मनगट धरलं.

"थांबा, सर. खडू आहे काय तुमच्याकडे?"